तुम्ही विचारलंत म्हणून : नेमलेला म्हणजे होयबा का?

व्याख्यान संपले की कुणीतरी हमखास उठून विचारतो, ‘जुन्या मुंबई कौन्सिलातले, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या मुंबई प्रांताच्या कायदेमंडळातले, सरकारनियुक्त सभासद म्हणजे सरकारचे होयबाच ना?’ विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढेच हवे असते आणि मी पाल्हाळ लावतो, अशी तक्रार होते. तो का लावतो, ते लिहूनच टाकतो.

मी शाळेत इतिहास शिकवत असे. फळ्यावर मधोमध रेघ ओढायची, डावीकडे ‘लोकनियुक्त’ लिहून खाली टिळक, गोखले, फिरोजशहा मेहता ही नावे आणि उजवीकडे ‘सरकारनियुक्त’ लिहून खाली फक्त ‘होयबा’, अशी माझी पद्धत होती. एके वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, बाबासाहेब कुठल्या बाजूला?’ १९२७ साली डॉ. आंबेडकर कौन्सिलात गेले ते गव्हर्नरच्या नेमणुकीने, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही ‘तो अपवाद आहे’ एवढेच पुटपुटून मी फळा पुसला आणि पुढचा धडा काढायला सांगितले. त्या मुलाने वही मिटली. वर्षभरात त्याने मला पुन्हा काहीही विचारले नाही.

अपवाद कसला? मतदानाचा हक्क मालमत्तेवर ठरत असताना ज्यांच्याकडे जमीनजुमलाच नव्हता, त्यांचा माणूस निवडून देणार कोण होते? शिवाय नेमणूक झालेल्या याच सभासदाने २४ फेब्रुवारी १९२७ च्या अंदाजपत्रकी भाषणात, लहान शेतकरी आणि बडा जमीनदार यांना एकाच दराने सारा लावणाऱ्या सरकारला धारेवर धरले. आणि माझ्या डाव्या रकान्याचे तरी काय? १८९५ साली टिळक ‘निवडून आले’ असे मी ठासून सांगत असे. पण कौन्सिलांची रचना ठरवणाऱ्या १८९२ च्या कायद्यात निवडणूक हा शब्दच नव्हता. स्थानिक संस्थांनी नाव सुचवायचे आणि नेमणूक गव्हर्नरने करायची, अशी ती रीत होती.

मात्र त्या तरुण मास्तराला सर्वस्वी मूर्ख ठरवायलाही मी तयार नाही. १९०१ साली जमीन महसुलाच्या विधेयकाला विरोध म्हणून मेहता, गोखले सभात्याग करून गेले, तरी सरकारी बाजूच्या मतांवर ते मंजूर झालेच. ते आठवले की माझा हात अजूनही खडूकडे जातो.