राखाडी पडलेलं सागवान: माझा अनुभव

मित्राबरोबर भागीत घेतलेली आमची शिडाची बोट फायबरची आहे. लाकूड आहे ते डेकवर, कॉकपिटच्या (सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेच्या) बाकांवर आणि कठड्यांना, सगळं सागवान. मुंबई बंदरातल्या अशा बोटी पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढतात. आमचीही ताडपत्रीखाली होती, पण ताडपत्री पाणी अडवते तशी हवाही अडवते. ऑक्टोबरात उघडली तर डेक राखाडी, आणि त्यावर काळे ठिपके.

जो तो एकच सांगत होता: सँडर (लाकूड घासायचं यंत्र) फिरवा, तासाभरात पिवळंधमक निघेल. निघतंही. पण डेकच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सागाचंच छोटं बूच असतं. दर घासणीला पट्टीबरोबर बूचही झिजतं. ते उडालं की स्क्रू उघडा पडतो आणि पाण्याला खाली उतरायला वाट मिळते. मचवे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या रत्नागिरीकडच्या एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी डेकवर नख ओढून पाहिलं आणि म्हणाले, "लाकूड आतून ठणठणीत आहे. वरचा मळ काढा, लाकूड काढू नका."

राखाडी रंग म्हणजे कुजणं नव्हे. उन्हाने लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा घटक, मोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतात नुसते फिके तंतू. हा थर अगदी पातळ असतो. काळे ठिपके बुरशीचे, ते वेगळं दुखणं.

आधी पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. ब्रश मारायचा तो लाकडाच्या रेषांना आडवा. रेषांच्या दिशेने घासलं की मधला मऊ भाग खरवडून निघतो, कडक रेषा वर राहतात आणि डेकवर नाल्या पडतात. प्रेशर पंपही नेमकं हेच करतो, फक्त लवकर. साबणाला न बधलेल्या डागांसाठी प्रिन्सेस स्ट्रीटवरून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड आणली. लिटरभर कोमट पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम, हातमोजे, चष्मा आणि शेजारचं फायबर आधी ओलं केलेलं. पूड विषारी आहे, घरच्या भांड्यांत कालवू नये. खिळ्यांभोवतीचे निळेकाळे डाग, म्हणजे लोखंड आणि सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) यांची करामत, यानेच गेले. नंतर भरपूर पाणी. तारेची घासणी मात्र डेकवर येऊ द्यायची नाही. तिचे कण लाकडात अडकून गंजतात आणि पुन्हा तेच डाग.

मग तेलावरून वाद. भागीदाराला सोनेरी डेक हवा होता. "टीक ऑइल" म्हणून विकतात त्यात बहुधा जवसाचं नाहीतर तुंग तेल असतं. दिसतं सुंदर, पण आपल्या दमट हवेत बुरशीला ते आयतं खाद्य. मिस्त्रींच्या मचव्यांना माशाचं तेल लागायचं, पण तेही बाहेरच्या फळ्यांना. मी त्यांना सांगितलं की १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची बांधलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. त्यावर ते म्हणाले, "मग तिचा साग तरी चांगला असणार. आताचा घेताना नीट बघून घ्या." बाजारातला लवकर वाढवलेला साग पाहिला की पटतं.

शेवटी तडजोड झाली: डेक कोरा, कठडे वार्निशचे. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वार्निश धरत नाही. म्हणून पॉलिशपेपर मारून झाला की लगेच अ‍ॅसिटोनने पुसायचं. पहिला हात निम्मा थिनर घालून, तो आत मुरतो. पुढचे हात दाट, प्रत्येकाच्या आधी बारीक पेपर. भर उन्हात लावलं की बुडबुडे येतात, संध्याकाळी उशिरा लावलं की दव बसतं, म्हणून सकाळची उन्हं थोडी वर आल्यावरच डबा उघडायचा. सागाची धूळ नाकाला झोंबते, मास्क हवाच.

आता डेकवर समुद्राचं पाणी बादलीने ओतून हलकं घासतो. खारं पाणी बुरशीला मानवत नाही. रंग चंदेरी झालाय, भागीदार अधूनमधून कुरकुरतो. कठड्यावर ओरखडा दिसला की त्याच आठवड्यात तेवढ्यापुरतं वार्निश लावतो. राहिलं की पाणी आत शिरतं, पापुद्रे सुटतात आणि अख्खा कठडा खरवडायला बसावं लागतं.