तुम्ही विचारलंत म्हणून: एमिलीच्या पुलावर काही दिसलं का?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या स्टो गावच्या ‘भुताच्या पुला’वर आम्ही रात्री जाऊन आलो हे कळल्यापासून घरून फोन आला की खुशालीच्या आधी एकच प्रश्न येतो: “काय मग, दिसलं का काही?” नाही दिसलं. पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

पूल गोल्ड ब्रूक नावाच्या ओढ्यावर आहे. 1844 सालचा, लाकडी, लांबीला जेमतेम 50 फूट. वर छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती. पहिल्यांदा बघणाऱ्याला रस्त्याच्या मधोमध कुणी गुरांचा गोठा बांधलाय असंच वाटेल. ते छप्पर माणसांसाठी नाही, पुलासाठी आहे. सगळा भार बाजूच्या लाकडी कैच्यांवर, म्हणजे तिरपी लाकडं जोडून केलेल्या सांगाड्यांवर असतो. त्या पावसात-बर्फात उघड्या राहिल्या तर दहा-पंधरा वर्षांत कुजायला लागतात, झाकल्या तर शंभर वर्षं सहज काढतात. वरच्या फळ्या सडल्या तर बदलता येतात, कैच्या बदलणं म्हणजे नवा पूलच. विल्यम हाऊने 1840 मध्ये ज्या कैचीचं पेटंट घेतलं, त्या पद्धतीचा एकोणिसाव्या शतकातला आणि अजून रहदारीत असलेला असा हा व्हरमाँटमधला एकच पूल. 1974 पासून तो राष्ट्रीय वारसा यादीत आहे. पण कैच्या बघायला कोण येतंय? येतात ते एमिलीसाठी.

एमिलीची गोष्ट अशी: प्रियकराबरोबर पळून जायचं ठरलं, भेटायची जागा हा पूल. तो आलाच नाही. तिने तिथेच तुळईला गळफास घेतला. दुसरे सांगतात, गळफास नाही, रागाच्या भरात तिने घोडागाडी बेफाम हाकली आणि ती ओढ्यात कोसळली. तिसऱ्यांच्या मते ती लग्नाला निघाली होती आणि घोड्यांच्या टापांखाली सापडली. काळ कुणी 1840 च्या दशकातला सांगतं, कुणी थेट 1920 च्या. आता मध्यरात्री बाईची किंकाळी येते, दोर ताणल्याचा करकर आवाज येतो, आणि उभ्या गाडीवर नखांचे ओरखडे उठतात म्हणे.

हे सगळं मी कुडाळच्या आत्याला फोनवर रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती खंयच्या घरातली? आडनाव काय तिचा?”

आडनाव नाही. घर नाही. थडगं नाही. मृत्यूची नोंद तर नाहीच. शोधणाऱ्यांनी जुनी दप्तरं चाळली, पण त्यांत ही एमिली सापडली नाही. गोष्टीचा बोभाटा झाला तोच 1970 च्या आसपास, म्हणजे पूल सव्वाशे वर्षांचा झाल्यावर. आत्याचा निकाल लागला: “मगे ता भूत न्हय.” तिचं बरोबर आहे. आमच्याकडे मुंजा असला तर कुठल्या पिंपळावरचा ते ठरलेलं असतं, गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, असला तर कुठल्या कोंडीतला. देवचाराला तर गाव राखायचं काम असतं आणि त्याबद्दल नारळ, रोट, विडी मिळते. एमिलीला काम काहीच नाही, पर्यटकांना घाबरवणं सोडून.

मात्र रात्री तिथे भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. ऑक्टोबरातली रात्र, आम्ही आत चालत गेलो. पायाखाली फळ्या, फटींतून ओढ्याचा आवाज, आणि तो आवाज छपराला आपटून मागून येतो, म्हणजे ओढा खाली नसून पाठीशी आहे असं वाटतं. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री गार पडताना करकरतं. हाच तो दोर. मग समोरून एक गाडी आली, तिचे दिवे कैचीच्या तिरप्या लाकडांतून आत शिरले आणि सगळ्या भिंतीवर सावल्या सरसर धावल्या. मी नवऱ्याचा दंड धरला तो गाडी जाईपर्यंत सोडला नाही. गाडीतली कॉलेजची पोरं आम्हाला बघून माझ्याहून जोरात ओरडली. त्या रात्रीपुरती एमिली बहुधा मीच.

आणि ओरखडे? पूल एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद. अंधारात दिवे बंद करून, ‘एमिली, एमिली’ हाका मारत, घाबरून गाडी मागे घेणाऱ्याला ओरखडे पडणारच. त्यासाठी मेलेल्या माणसाची गरज नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न, मुलांना घेऊन जावं का? न्या, पण दिवसा. पानं रंगली असतील तर उत्तमच. मुलांना भूत सांगा आणि कैच्या दाखवा. आमच्या भाच्याला भुतापेक्षा लाकडांवर चाकूने कोरलेली नावं जास्त आवडली. हॉर्न वाजवू नका, आसपास माणसं राहतात आणि या एमिलीपायी त्यांच्या झोपेचं आधीच खोबरं झालंय. गाडी पुलावर उभी करू नका, पलीकडे लावून चालत या. भाड्याची असेल तर विमा पूर्ण घ्या. चरा भुताने पाडला, असं सांगितल्यावर पैसे परत देणारं काउंटर मला अजून तरी भेटलेलं नाही.