हातावर न चाललेला रिमूव्हर पायावर चालला

मी पार्लरमध्ये नखांचं काम करते. नेलपेंट काढायचा रिमूव्हर कोणता चांगला, नॅचरल घेऊ का, हा प्रश्न सारखा येतो आणि मी दरवेळी आधी उलट विचारते, नखावर लावलंय काय? बऱ्याच जणींना वाटतं ही उत्तर टाळतेय. म्हणून एक केस सविस्तर लिहिते, कारण त्या एका संध्याकाळी जे समोर आलं ते नुसतं बोलून कुणाला पटत नाही.

बंद करायची वेळ होती, आवराआवर चाललेली. चाळिशी ओलांडलेल्या एक बाई घाईघाईने आत आल्या, दोन्ही हातांची बोटं रुमालात धरलेली. "ताई, कसंही करून एवढं काढून द्या, उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे आणि नखांवर काहीही नको असं सांगितलंय." रुमाल सोडला आणि मला खरंच धस्स झालं. गडद निळं जेल, म्हणजे दिव्याखाली धरून कडक करतात ती नेलपेंट, काही नखांवर पूर्ण, काहींवर अर्धवट उचकटलेलं, आणि जिथून उचकटलं होतं तिथे नखाचा वरचा थरही त्याच्याबरोबर निघून आलेला. तिथे नख पांढरट, खरबरीत, पोपडे धरलेलं. कडेची कातडी लाल झालेली, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला तर क्युटिकलपाशी, म्हणजे नखाच्या मुळाच्या कातडीपाशी, रक्त सुकलेलं.

झालं असं होतं की त्यांनी दुकानातून नॅचरल म्हणून एक रिमूव्हर आणला, दुपारपासून कापूस बुडवून घासत बसल्या, रंग हलेना, मग नेलकटरच्या टोकाने खरवडलं. बाटली पर्समध्येच होती, ती टेबलावर आपटून म्हणाल्या, "सगळी फसवाफसवी आहे हो, नॅचरलच्या नावाखाली पाणी विकतात."

मी बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षरातलं वाचलं. सोयाबीन तेलापासून बनवतात तो मिथाइल सोयेट, आणि इथाइल लॅक्टेट, म्हणजे साखर आंबवून लॅक्टिक अ‍ॅसिड बनतं त्याच्यापासून केलेला सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारा द्रव. म्हणजे फसवणूक अजिबात नव्हती, चांगला सौम्य रिमूव्हर होता. फक्त तो साध्या नेलपेंटसाठी होता आणि बाईंच्या हातावर होतं जेल.

हा फरक लोकांना कोणी सांगतच नाही याचा मला फार राग येतो. साधी नेलपेंट म्हणजे नायट्रोसेल्युलोज (पापुद्रा धरणारा पदार्थ) आणि रंग सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेले, लावल्यावर सॉल्व्हंट उडून जातो आणि पापुद्रा राहतो. परत सॉल्व्हंट लावला की तो पापुद्रा परत विरघळतो, सरळ हिशोब. जेलचं तसं नाही, ते दिव्याखाली धरलं की त्यातले छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं आणि ते जाळं नंतर विरघळतच नाही. अ‍ॅसिटोनसुद्धा, म्हणजे नेहमीच्या रिमूव्हरमधला जोरदार सॉल्व्हंटसुद्धा, त्याला विरघळवत नाही, तो आत शिरतो, जेल फुगतं, नखावरची पकड सुटते आणि मग ते तुकड्या-तुकड्यांनी उचलता येतं. सोयावाल्या रिमूव्हरमध्ये तेवढी आत शिरायची ताकद नाही, दिवसभर घासा नाहीतर रात्रभर घासा.

पण आता पंचाईत अशी की जेलला अ‍ॅसिटोनच हवा, आणि बोटांची कातडी इतकी सोललेली की अ‍ॅसिटोन लागला तर जीव जाईल असं झोंबणार. शिवाय अ‍ॅसिटोन नखातलं तेल आणि ओलावा ओढून घेतो, आधीच पातळ झालेल्या नखांना ते अजून कोरडं करणार. मी त्यांना म्हटलं आधी हॉस्पिटलला फोन लावू, नक्की किती बोटं साफ लागतात विचारू. ऑपरेशनच्या वेळी बोटाला ती ऑक्सिजन मोजायची चिमटी लावतात ना, तिच्यातून लाल आणि इन्फ्रारेड उजेड बोटाच्या आरपार जातो, आणि निळ्या-काळ्या गडद रंगामुळे आकडा चुकू शकतो. शिवाय नखाखालचा रंग निळसर पडतोय का हेही डॉक्टर बघतात. फोनवर सिस्टर बोलल्या, फार समजूतदार होत्या. म्हणाल्या प्रत्येक हाताची दोन बोटं साफ असली तरी आमचं काम होईल, जखमा असतील त्या बोटांशी आज खटाटोप करू नका, आणि कातडी सोललीय हे पेशंटला सकाळी आल्या आल्या डॉक्टरांना सांगायला लावा. त्या शेवटच्या वाक्याने बाई जरा गंभीर झाल्या, कारण त्या हे कोणाला सांगणारच नव्हत्या.

मग त्यातल्या त्यात धड चार बोटं निवडली. दार-खिडक्या उघडल्या, मेणबत्ती अगरबत्ती असलं काही पेटतं नाही ना बघितलं, कारण अ‍ॅसिटोनची वाफ लगेच पेट घेते. जेलचा फक्त वरचा चकचकीत थर फाईलने हलक्या हाताने घालवला, नखाला फाईल लागू न देता. नखाच्या चारी बाजूंनी कातडीवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिला. कापूस अगदी नखाच्या आकाराचा कापला, मोठा बोळा नाही, कारण मोठ्या बोळ्यातला अ‍ॅसिटोन कातडीवरच जास्त ओघळतो. तो भिजवून नखावर ठेवला, वरून फॉइल गुंडाळलं. अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे साध्या हवेतही भराभर उडतो, म्हणून झाकावं लागतं, नाहीतर परत परत ओतत बसायचं.

पहिलं फॉइल दहा-पंधरा मिनिटांनी उघडलं. जेल सुरकुतून कडांना उचललं होतं, पण मध्ये अजून धरलेलं. मी लाकडी काडी कडेला टेकवली, जेवढं आपोआप सरकलं तेवढं काढलं, आणि परत कापूस लावून फॉइल बांधलं. बाई म्हणाल्या, "अहो थोडं जोर लावा ना, निघेल की." नाही निघत. म्हणजे निघतं, पण नखाचा थर घेऊन निघतं, दुपारी तेच तर झालं होतं. बऱ्याचदा जेल काढताना नखं खराब होतात ती अ‍ॅसिटोनपेक्षा या घाईने, उचकटण्याने आणि खरवडण्याने. दुसऱ्या वेळी फॉइल उघडलं तेव्हा जेल सैल होऊन काडीबरोबर अलगद घसरलं, खालचं नख गुळगुळीत होतं. शेजारच्याच बोटाचं दुपारी खरवडलेलं नख आणि हे नख बाईंनी एकत्र धरून कितीतरी वेळ बघितलं.

चार बोटं झाली, हात साबणाने धुवायला लावले. तेवढ्यात माझं लक्ष पायाकडे गेलं. पायाच्या नखांना साधी मरून नेलपेंट. बाई तर रडवेल्याच झाल्या, आता हे पण त्या अ‍ॅसिटोनने का? मी म्हटलं नाही, आता तुमचीच बाटली आणा इकडे.

त्यांचा विश्वास बसेना. मी कापसावर तोच सोयावाला रिमूव्हर घेतला, अंगठ्याच्या नखावर ठेवला आणि नुसता दाबून धरला, घासला नाही. हे सॉल्व्हंट अ‍ॅसिटोनसारखे उडून जात नाहीत, सावकाश काम करतात, त्यामुळे त्यांना वेळ द्यायचा. मिनिटभराने कापूस मुळाकडून टोकाकडे ओढला आणि मरून रंग सगळा कापसावर. ना वास, ना नख पांढरं पडलं, उलट थोडं तेलकट झालं. बाकीची नखं त्यांनी स्वतःच्या हाताने काढली, ऑपरेशनचं टेन्शन विसरून.

आवरेपर्यंत त्यांना मी बरंच काही सांगितलं. नॅचरल हा शब्द बघून काही कळत नाही, अ‍ॅसिटोनसुद्धा आपल्या शरीरात थोडा तयार होतोच. अ‍ॅसिटोन-फ्री म्हणजे सौम्य असंही नाही, त्यात बऱ्याचदा इथाइल अ‍ॅसिटेट असतो, तोही नखं कोरडी करतो, फक्त जरा कमी. आणि कोरफड, व्हिटॅमिन ई घातलंय असं पुढे मोठ्ठं लिहिलेलं असलं तरी मागे पहिलं नाव अ‍ॅसिटोन असेल तर तो अ‍ॅसिटोनच आहे, चार थेंबांनी त्याचा स्वभाव बदलत नाही. लिंबू आणि व्हिनेगरने रंग निघतो म्हणणाऱ्यांचं तर ऐकूच नका, नायट्रोसेल्युलोज त्यात विरघळत नाही, घासून घासून जे काय निघेल ते, आणि सोललेल्या कातडीला आंबट लागलं की आग होते ती वेगळीच. साध्या नेलपेंटला सोया किंवा लॅक्टेटवाला, नाहीतर प्रोपिलीन कार्बोनेटवाला घ्या. हा शेवटचा सोयासारखा झाडापासून येत नाही, पण २४० अंशांच्या वर उकळतो, त्यामुळे उडून न जाता काम करतो, आणि माझ्या मते तोही नखांना चांगला आहे. आणि जेल लावायचं असेल तर काढायलाही वेळ हातात ठेवून लावा.

ऑपरेशन नीट पार पडलं. उरलेलं जेल कातडी भरून आल्यावर त्यांनी इथेच येऊन काढून घेतलं, तसंच सावकाश. त्यानंतर परत आल्या तेव्हा खरवडलेला भाग नखाबरोबर निम्म्यापर्यंत पुढे सरकला होता. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवीन यायला सहा महिने धरायचे, कुठलंही तेल-क्रीम लावून तुटलेला थर परत येत नाही, तेल फक्त राहिलेल्या नखाला कोरडं पडू देत नाही. एका नखावरचा पांढरा डाग मात्र पुढे सरकलाच नव्हता, जिथे होता तिथेच होता, थोडा पसरल्यासारखाही वाटला. तो खरवडल्याचा असता तर नखाबरोबर वाढत पुढे गेला असता, हे बुरशीचंही असू शकतं, म्हणून त्यांना स्किनच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं आणि त्या नखाला मी हातही लावला नाही.

हाताला काही लावायचं नाही यावर आमचं एकमत झालं, पण पायाला लाल रंग लावूनच द्या म्हणाल्या. जुना रंग त्यांनी घरूनच त्या बाटलीने काढून आणला होता, छान निघाला होता, फक्त नखांवर तेलाचा ओशटपणा तसाच. त्यावर रंग लावला तर चार दिवसांत पापुद्रे निघतात, म्हणून आधी साबण-पाण्याने पाय धुवायला लावले, नखं कोरडी केली, बेस कोट लावला आणि मग लाल.