हजार घोड्यांचे पाणी

काल रात्री संगणकावरच्या खेळात माझे सैन्य वेढ्यासाठी निघाले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या बाबांनी विचारले, “एवढी घोडी पाणी कुठं पिणार?”

‘मिडिव्हल टू: टोटल वॉर’ हा मध्ययुगीन युद्धांचा खेळ खरा वाटावा म्हणून मी स्वतःवर नियम घातले आहेत, हरलेली लढाई पुन्हा खेळायची नाही आणि मध्ययुगीन युरोपात सरंजामी लष्करी सेवेची रूढ मुदत 40 दिवसांची असे, म्हणून जमवलेले शिपाई मोहीम संपताच घरी पाठवायचे. पाणी मात्र मला सुचलेच नव्हते.

एका घोड्याला दिवसाला साधारण 30 लिटर धरले, तरी हजारांना रोज 10,000 लिटरचे तीन टँकर लागतात. दुष्काळी मंगळवेढ्याच्या रानात वाढलेल्या बाबांना हाच प्रश्न आधी पडला.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव आज मी प्रथमच वेढा घालणाऱ्याच्या नजरेने पाहिला. आता माझी फौज नदीकाठ सोडणार नाही.

तुम्ही कोणते नियम पाळता?