जीआर एक, एसआर दोन: नागपुरात गार्ड होताना

पॉइंट्समनचा, म्हणजे काटे बदलणाऱ्याचा, गुड्स गार्ड व्हायचं ठरवलं तेव्हा घरच्यांना वाटलं, अभ्यास तो किती असणार, झेंडाच तर दाखवायचा! (2022 पासून हुद्दा ‘ट्रेन मॅनेजर’ झालाय, पण अजनीच्या लॉबीत, म्हणजे ड्युटीची हजेरी लावतो तिथे, अजून ‘गार्डसाहेब’च चालतं.) खात्याची लेखी परीक्षा निघाली, मेडिकलला ठिपक्यांच्या चित्रांतले आकडेही ओळखून झाले. खरा घाम काढला तो जीअँडएसआरने, म्हणजे गाड्या चालवण्याच्या नियमांच्या पुस्तकाने.

जीआर म्हणजे सामान्य नियम. 1976 चे, देशभर एकच. त्यातल्या प्रत्येक नियमाच्या खाली, मोठ्या भावाचं बोट धरून उभे असावेत तसे एसआर छापलेले. हे सहायक नियम ज्याच्या त्याच्या झोनचे. माझं पुस्तक एका निवृत्त गार्डकाकांकडून आलेलं. करेक्शन स्लिपा चिकटवून चिकटवून ते दुप्पट फुगलं होतं. काही पानांवर स्लिपेवर स्लिप, आणि खालचा जुना नियम उजेडात धरला की अजून वाचता यायचा. त्यातला कोणता चालू, कोणता बाद, हे लावण्यातच पहिले दिवस गेले.

नागपुरात यात आणखी एक भर. इथे मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही नागपूर विभागच आहे. भुसावळकडून जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) गाडी इथे 1867 मध्ये आली. पूर्वेकडची लाईन पुढे बंगाल नागपूर रेल्वेकडे गेली, ती कंपनी 1887 ची. कंपन्या गेल्या, हद्द राहिली. अजनी आमची, म्हणजे मध्य रेल्वेची; इतवारी आणि कळमना त्यांचे, दक्षिण पूर्व मध्यचे. मालगाडीला ही हद्द कळत नाही, ब्रेकव्हॅनमधल्या, म्हणजे गार्डाच्या डब्यातल्या, माणसाला मात्र कळावी लागते.

ट्रेनिंग भुसावळला, झोनच्या संस्थेत. मॉडेल रूममध्ये छोटे सिग्नल, छोटे काटे, सगळं छान. पण डोक्यात बसलं ते रुळावर. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली तर मागून तिचं संरक्षण गार्डाने करायचं, जीआर 6.03. लाल झेंडा दाखवत मागे चालत जायचं, 600 मीटरवर एक फटाका लावायचा, 1200 मीटरवर तीन, एकमेकांपासून 10 मीटर अंतराने. फटाका म्हणजे पत्र्याची चपटी डबी, मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारी. तिच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या रुळाच्या डोक्यावरून खाली वाकवून पक्क्या करायच्या. बोटं तापलेल्या रुळाला लागली की कळतं की हे काम वाचून येत नाही. गिट्टीवरून बूट सरकतात, आणि अंतर मोजायला टेप कुणाकडे असतो? ओव्हरहेडच्या खांबांवरचे नंबर वाचत जायचं. परत बोलावलं की तीन तिथेच सोडायचे, मधला एक उचलून आणायचा.

नॅरोगेजला हीच अंतरं 400 आणि 800 मीटर. इतवारी-नागभीडची छोटी गाडी बघत वाढलेल्या आम्हा विदर्भातल्या पोरांना हे पाठ करावं लागलं नाही.

तोंडी परीक्षेला टीआय (ट्रॅफिक इन्स्पेक्टर) साहेब फार आकडे विचारत बसले नाहीत. त्यांनी एकच धागा पकडला.

“दिवसा ऑटोमॅटिक सिग्नल लाल. किती थांबून पुढे निघता?”

“एक मिनिट साहेब. रात्री दोन.”

“आणि कळमन्याकडे?”

“तेवढंच. जीआर आहे जी.”

“मग यार्डात उभ्या डब्यांना साखळी कुठं, स्किड कुठं, हे कळमन्यात तुमच्या पुस्तकात पाहून सांगता काय?”

इथे मी थांबलो. (स्किड म्हणजे चाकाखाली घालायची अडणी.) डबे पळू नयेत म्हणून बंदोबस्त करा, हे जीआर सांगतो. कसा करायचा, हे झोनचा एसआर आणि त्या स्टेशनचे वर्किंग रूल सांगतात. “नाही साहेब, त्यांचं वाचूनच,” असं म्हटल्यावर त्यांनी पुढचं पान उलटलं.

लॉबीत कुणी ना कुणी म्हणतंच, सगळ्यांचं एकच पुस्तक करून टाका ना बाप्पा. मला ते पटत नाही. भोर घाटात उतारासाठी कॅच साइडिंग आहेत, म्हणजे निसटलेली गाडी अडवणाऱ्या बाजूच्या लाईनी, आणि चढाला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. तिथलं सेवाग्रामच्या सपाट लाईनवर काय करायचं? आणि जे खरोखर समान हवं ते आधीच समान आहे. टी/409 ची कॉशन ऑर्डर, म्हणजे सावधगिरीची लेखी सूचना, इतवारीच्या मास्तरने दिली काय आणि बुटीबोरीच्या दिली काय, फॉर्म तोच, ड्रायव्हर आणि गार्ड दोघांनाही मिळते, वेग कुठे कमी करायचा ते त्याच रकान्यांत सापडतं. परक्या हद्दीत पहिल्यांदा ती हातात पडली तेव्हा हे फार बरं वाटलं. हद्दीवरच्या माणसाला हवंय ते एवढंच, की दोन झोनचे एसआर जिथे वेगळे पडतात तेवढे समोरासमोर छापून द्यावेत. तोपर्यंत मी माझ्या पुस्तकात त्या जागी पेन्सिलीने ‘बिलासपूर बघ’ असं लिहून ठेवलंय; त्यांच्या झोनचं मुख्यालय तिथे.

सर्टिफिकेट हातात आलंय. तीन वर्षांनी रिफ्रेशर, पुन्हा भुसावळ. कळमना यार्डच्या वर्किंग रूलचं अॅश्युरन्स रजिस्टर, म्हणजे नियम वाचून समजल्याची सही करायची वही, मात्र अजून सही व्हायचंय, कारण पूर्ण वाचल्याशिवाय मी सही करणार नाही असं तिथल्या मास्तरांना सांगितलंय. त्यांनी खुर्ची दिली आणि चहा मागवला.