सोन्याची ओमेगा: महिना तिसरा

अखेर परवा माझ्या जुन्या ओमेगा घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. दोन महिने धीरच होत नव्हता, कारण झाकण दाबून बसवलेलं आणि १८ कॅरेटचं सोनं मऊ, पातं जरा जरी घसरलं की ओरखडा कायमचा. शेवटी आमच्या घड्याळवाल्या काकांनीच उघडलं, मी नुसता भिंग घेऊन शेजारी.

आत ०.७५० (म्हणजे ७५ टक्के सोनं, १८ कॅरेट) आणि त्याला लागूनच बाईच्या चेहऱ्याचा इवलासा ठसा, हेल्व्हेशिया, स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेली बाई! १८८० च्या स्विस कायद्यापासून १९९५ पर्यंत १८ कॅरेटच्या केसवर (घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर) हा चेहरा, १४ कॅरेटवर खार, आणि त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं. जुनं सोन्याचं घड्याळ घेताय तर आधी हे बघा, गोल्ड प्लेटेड केसपण वरवर अशीच दिसते.

मशीन कॅलिबर (म्हणजे मॉडेल) २६७, १७ ज्वेल्स (घर्षण कमी करणारे बारीक खडे), तांबूस रंगाचं. ओमेगाची ही ३० मिलिमीटरवाली मशीनं १९३९ ला आली, आणि बॅलन्स (मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक) चांगला मोठा असल्यामुळे आजही टाइम मस्त धरतात. माझं दिवसाला ४० सेकंद मागे पडत होतं, आतलं तेल पार चिकट झालेलं. सफाई, नवी मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताणली जाणारी मुख्य स्प्रिंग), नवं तेल, आता ६ सेकंद पुढे, रोज सकाळी चहाच्या आधी चावी देतो.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, आधी कुणीतरी केसला दाबून पॉलिश मारलंय, पट्ट्याच्या कानांच्या कडा गोल झाल्यात आणि बाहेरचा ठसा अर्धा पुसलाय. काका म्हणाले, "चमकवून देऊ का?" म्हटलं नको काका, राहू द्या, गेलेलं सोनं काही परत येत नाही. तसंही बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आल्यावर चावीच्या घड्याळांना कुणी विचारेना आणि १९८० ला सोनं भडकलं, तेव्हा अशा कितीतरी केसेस मशीन काढून वितळवल्या गेल्या, ही वाचली हेच खूप.

काल रात्री स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या गावाचे फोटो बघत बसलो होतो. १८४८ ला लुई ब्रांटने पुढे ओमेगा झालेल्या धंद्याची तिथेच सुरुवात केली, घरोघरच्या कारागिरांकडून पार्ट घेऊन घड्याळं जुळवायचा. १७९४ च्या आगीनंतर गाव सरळ रेषेत नव्याने वसवलं, घरांना ओळीने खिडक्या, बाकावर उजेड पडावा म्हणून. एकदा जायचंच आहे.

आता काच. भिंगातून बरोबर मधोमध ओमेगाची चिमुकली खूण दिसतेय, म्हणजे काच कंपनीचीच. प्लास्टिकची आहे, ओरखडे हलक्या हाताने निघतील, बदलणार नाही.