ब्लॉग फास्ट करताना काय टाकलं यापेक्षा काय काढलं ते सांगतो

माझा ब्लॉग वर्डप्रेसवर आहे, बऱ्यापैकी जुना आहे, आणि मोबाईलवर उघडायला इतका वेळ घ्यायचा की कुणाला लिंक पाठवली तर समोरून "अरे उघडतच नाहीये" हेच यायचं. स्पीडचा विषय काढला की प्रत्येक जण एक नवीन प्लगिन (वर्डप्रेसला वरून जोडायचा प्रोग्रॅम) सुचवतो, मी ठरवलं की आधी काहीही टाकायचं नाही, नुसतं बघायचं की घोडं अडतंय कुठे.

पेजस्पीड इनसाइट्सवर, म्हणजे गूगलच्या स्पीड तपासायच्या साइटवर, लिंक टाकली तर मोबाईलचा स्कोअर लाल. त्या गोलातल्या आकड्याचं फार मनावर घेऊ नका, तीच लिंक लगेच परत टाकली तरी तो थोडा खालीवर होतो. बघायचं ते हे: एलसीपी, म्हणजे स्क्रीनवरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला लागलेला वेळ, तो २.५ सेकंदांच्या आत हवा. सीएलएस, म्हणजे लोड होताना पान किती उड्या मारतं, ते ०.१ च्या आत. आणि आयएनपी, टॅप केल्यावर पान किती पटकन हलतं, २०० मिलिसेकंदांच्या आत. हे आयएनपी मार्च २०२४ मध्ये एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आलं, त्यामुळे त्याआधीचे सल्ले जरा जपून वाचा.

पण खरं कळलं ते क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये, पान कुठल्या कुठल्या फाइल्स मागवतं ते तिथे दिसतं. डिसेबल कॅशेला टिक करायचं (म्हणजे आधी साठवलेल्या फाइल्स वापरल्या जात नाहीत), थ्रॉटलिंगमध्ये, म्हणजे नेट मुद्दाम हळू करायच्या पर्यायात, स्लो ४जी निवडायचं, पान रिफ्रेश करायचं आणि साइजवर क्लिक करून मोठ्या फाइल्स वर आणायच्या, बस. सगळ्यात वर होता हेडरचा फोटो. आता वर्डप्रेस ५.३ पासून मोठे फोटो आपोआप २५६० पिक्सेलवर आणतं आणि सोबत लहान साइजपण बनवतं, मग मोबाईलला मोठाच का जातोय? तर थीमने (ब्लॉगचा साचा) तो सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, बॅकग्राउंड म्हणून लावलेला. म्हणजे स्क्रीनप्रमाणे योग्य साइज निवडणारं एसआरसीसेट लागू होत नाही, लहान साइज नुसत्या सर्व्हरवर पडून, आणि वर ब्राउझरला सीएसएस वाचून होईपर्यंत असा काही फोटो आहे याचा पत्ताच नाही, त्यामुळे डाउनलोडही उशिरा सुरू. चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमला हात न लावता बदल करायची जागा) तो साध्या आयएमजी टॅगमध्ये आणला, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये केला, आणि ब्राउझरने तो आधी मागवावा म्हणून फेचप्रायोरिटी हाय लावलं. एलसीपीत सगळ्यात मोठा फरक या एकाच कामाने पडला.

आणि हो, लेझी लोडचं, म्हणजे स्क्रीनजवळ येईपर्यंत फोटो न मागवण्याचं, प्लगिन काढलं. वर्डप्रेसमध्ये ते २०२० पासून, ५.५ पासून आपसूक आहे. ते प्लगिन सरसकट सगळ्या फोटोंना लेझी करायचं, अगदी पहिल्या फोटोलासुद्धा, म्हणजे जो सगळ्यात आधी दिसायला पाहिजे त्यालाच थांबवून ठेवायचं!

मग फॉन्ट. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे नीट वाचा कारण इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे कुणी सांगत नाही. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे वेगळे आकार भरलेले असतात त्यामुळे फाइल इंग्रजीपेक्षा कितीतरी जड, आणि प्रत्येक जाडीची वेगळी फाइल असली की तेवढ्या पट. माझ्या थीममध्ये रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड सगळं भरलेलं, मीडियम आणि सेमीबोल्डमधला फरक वाचणाऱ्याला सोडा मलापण दिसत नव्हता. शिवाय फॉन्ट यायचे गूगल फॉन्ट्सवरून, म्हणजे दोन वेगळ्या डोमेनला कनेक्शन. पूर्वी म्हणायचे की तोच फॉन्ट दुसऱ्या साइटवर आधीच डाउनलोड झालेला असेल तर वेळ वाचतो, पण क्रोमने २०२० मध्ये प्रत्येक साइटचा कॅशे वेगळा केला तेव्हापासून तो मुद्दाच संपला. फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवायची, डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये.

फॉन्ट बारीक करायला सबसेट करतात, नको ती अक्षरं काढून टाकतात. इथे देवनागरीला धोका आहे. एका ऑनलाइन टूलमधून फाइल काढली, साइज बघून खूश व्हावं अशी लहान, पण पानावर "क्ष" चा क पाय मोडून वेगळा आणि ष वेगळा, "विद्यार्थ्यांच्या" तर वाचवत नव्हतं. त्या टूलने जोडाक्षरं जुळवणारं जीएसयूबी टेबलच उडवलेलं. मग पायएफटीसबसेट हे कमांड लाइनवरचं सबसेटचं टूल वापरलं, त्यात सगळी लेआउट फीचर्स ठेवली आणि ठेवायच्या अक्षरांच्या रेंजमध्ये युनिकोडच्या देवनागरी ब्लॉकसोबत शून्य रुंदीची दोन जॉइनर अक्षरंही घेतली. फाइल लावायच्या आधी "दुसऱ्याच्या, ज्ञान, श्रद्धा, क्षेत्र, राष्ट्र" अशी एक ओळ टाकून बघायची, सगळं कळतं.

शेवटी मात्र वेबफॉन्ट फक्त शीर्षकांना ठेवला, तोपण एकाच जाडीचा. मजकूर फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट असेल त्यात. फॉन्टवेड्या मित्रांनी नाकं मुरडली, पण शून्य केबीपेक्षा हलका फॉन्ट मला तरी माहीत नाही. वर फायदा असा की फॉन्ट बदलताना मजकूर जो वरखाली व्हायचा तो थांबला, आणि फोटोंना विड्थ-हाइट दिल्यावर सीएलएस हिरव्यात गेलं.

बाकीची साफसफाई पटापट झाली. स्लायडर काढला, शेअर बटणांचं प्लगिन काढून साध्या लिंक दिल्या. यूट्यूबचे व्हिडिओ कुणी प्ले नाही केले तरी त्यांच्या स्क्रिप्ट लोड होतात, तिथे नुसता थंबनेल ठेवला, टॅप केलं की मगच प्लेयर येतो.

सर्व्हरकडे पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) ७.४ होतं, त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय. बॅकअप घेऊन ८ च्या पुढे नेलं, आणि एवढं सगळं काढल्यावर एकच प्लगिन टाकलं, पेज कॅशेचं, म्हणजे तयार पान साठवून तेच परत देणारं. डिलीट केलेली बरीच प्लगिन्स डेटाबेसमधल्या सेटिंग्जच्या ऑप्शन्स टेबलमध्ये आपला पसारा सोडून जातात आणि तो बरेचदा प्रत्येक पानाला लोड होतो, तेही साफ केलं. वर्डप्रेस ६.६ पासून साइट हेल्थमध्ये (अ‍ॅडमिनमधलं तपासणीचं पान) हा प्रत्येक पानाला लोड होणारा डेटा ८०० केबीच्या वर गेला की वॉर्निंग येते.

साइट गूगलला कशी दिसते ते सांगणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये लगेच काही दिसलं नाही, दिसणारही नव्हतं, तिथला डेटा खऱ्या वाचकांचा आणि मागच्या २८ दिवसांचा असतो, हळूहळूच सरकतो. एलसीपी आता हिरवं आहे. जाहिरातींचा कोड मात्र ठेवलाय, होस्टिंगचा खर्च त्यातूनच निघतो, फक्त त्यांच्या जागेला आधीच उंची देऊन ठेवली म्हणजे मजकूर ढकलला जात नाही. जाहिरातींच्या या कोडमुळे आयएनपी काही पानांवर अजून पिवळं आहे, आणि ते तसंच राहणार.